तांब्याचे दोन पत्रे

“वायर सुटली असेल बघ,” बाबा म्हणाले.

बाळीने पुन्हा मीटर लावून पाहिला. वायर शाबूत, डाख पक्का. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ती दिवसभर हेच करायची. तिच्या हातचा डाख सहसा सुटत नसे.

खेळ तिने स्वतः रचला होता, आणि तो बटणांवर चालत नव्हता. जुन्या कपाटाच्या फळीला दोन्ही टोकांना तांब्याचे पत्रे ठोकले होते. एकाने एका पत्र्यावर तळवा ठेवायचा, दुसऱ्याने दुसऱ्यावर, आणि मोकळे हात एकमेकांत धरायचे. अंगातून जाणवणारही नाही इतकी वीज जायची आणि पडद्यावरच्या गुहेत कंदील लागायचा. त्या उजेडात दोन चिमुकली माणसं चालू लागायची. हात सुटला की अंधार. मैत्रिणींनी खेळून पाहिला तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली होती. उद्या प्रदर्शनात मांडायच्या आधी तिने आईबाबांना मोठ्या कौतुकाने बसवलं, तर कंदील लागायचं नाव घेईना.

“आई, तळवा नीट टेकलाय ना?”

“टेकलाय गं बाई. हा बघ.”

बाळी फळीमागे वाकली आणि वाकलेली तशीच राहिली. बाबांनी आईचा हात धरलाच नव्हता. तिच्या स्वेटरची बाही धरली होती, दोन बोटांच्या चिमटीत, ओलं फडकं उचलावं तशी.

“बाबा, बाही नाही. हात धरा.”

“तेच ते.”

“तेच नाही. कापडातून वीज जात नाही.”

आई जन्मभर नर्स होती. परक्यांचे हात धरण्यातच तिची नोकरी संपली होती. तिने सहज बाबांचा पंजा हातात घेतला. कंदील भक्कन लागला आणि लगेच विझला. चटका बसल्यासारखा बाबांनी हात मागे घेतला होता.

“शॉक लागला का?” बाळी घाबरून म्हणाली.

“नाही लागला,” आई म्हणाली. “राहू दे. त्यांना नाही जमत ते.”

“काय नाही जमत?”

“तू झालीस, त्यानंतर नाहीच.”

आवाज तापमान सांगावं तितका साधा होता. बाळीच्या हातातला मीटर खाली पडला. आमच्या घरात कधी भांडण नाही, असं ती मैत्रिणींना केवढ्या तोऱ्यात सांगत आली होती! तिने बाबांकडे पाहिलं. ते फळीकडे बघत होते.

“दूध घेऊन येतो,” म्हणत ते उठले.

“दूध आहे, बाबा.”

ते चपला घालून गेले. दारही त्यांनी आवाज न करता ओढून घेतलं.

बाळी पडलेला मीटर उचलायला वाकली. मग पडदा उजळला. आईने दोन्ही हात लांबवून दोन्ही तळवे दोन पत्र्यांवर टेकवले होते. एकटं माणूसही हा खेळ खेळू शकेल, हे बाळीच्या डोक्यातच आलं नव्हतं. कंदील जराही न लुकलुकता जळत राहिला.

“आई…”

“थांब. मध्येच बोलू नकोस.”

दोन्ही माणसं गुहेच्या तोंडाकडे निघाली होती. आईची मान पुढे झुकली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

“तेवढा चष्मा वर कर गं,” ती म्हणाली. “माझे हात मोकळे नाहीत.”