खिशातली चार टोपणं

पुढच्या चाकाशी गुडघे टेकून कॅप्टनने पुन्हा हवा सोडायला घेतली, तेव्हा शेजारच्या सीटवरून त्याची बायको खाली उतरली.

“अहो, आत्ताच काढलीत ना हवा?”

त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. वाळूत शिरण्याआधी चाकं मऊ करायची आणि व्हॉल्व्हची चार टोपणं खिशात टाकायची. खिशात खुळखुळ, म्हणजे चाकं मऊ. तीस वर्षांचा शिरस्ता. आत्ताही टोपणं खुळखुळली.

“तपासत होतो,” तो म्हणाला.

सफारीला आलेले पाहुणे नवराबायको वाळूच्या टेकड्यांचे फोटो काढण्यात दंग होते. बरंच झालं म्हणायचं. असं विसरण्याची महिन्यातली ही तिसरी खेप. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण झाकायची किती दिवस? वाळूत चूक झाली तर गाडी फार तर रुतेल. पण अभयारण्याच्या पलीकडच्या फाटकापासून घाट लागतो, आणि तिथे मऊ चाकांनी वळण घेतलं तर खाली थेट दरी. तिने मनाशी ठरवलं, फाटकाशी हे हवा भरायला विसरले, तर चावी काढून घ्यायची. रुसले तर रुसू देत. पण ज्यांनी गाडी शिकवली त्यांच्याकडेच चावी मागायची?

फाटक आलं. हवेचा पंप डाव्या हाताला होता. गाडी तशीच पुढे सरकली. तिने वळून पंपाकडे पाहिलं, आणि कॅप्टनने ब्रेक दाबला.

चारही चाकं भरून, टोपणं लावून तो उठला, तेव्हा तिला हसू आवरेना.

“जिंकलात बाई एकदाचे.”

तो तिच्या बाजूला आला आणि त्याने दार उघडलं.

“सरक तिकडे. घाटात तू चालव.”

“का? आठवलं की तुम्हाला.”

त्याने तळहात पुढे केला. पेनाने काहीतरी लिहिलेलं होतं, घामाने पार पसरलेलं.

“गेल्या हिवाळ्यापासून ‘फाटकाशी हवा’ असं लिहितोय. आज पुसलं गेलं. तू पंपाकडे बघितलंस, म्हणून थांबलो.”

ती स्टिअरिंगमागे सरकली. सीट फार मागे होती, पुढे ओढायला दोनदा जोर लावावा लागला.

“ड्रायव्हर बदलला वाटतं?” मागून पाहुण्याने विचारलं.

“घाटात हीच चालवते,” कॅप्टन पट्टा लावत म्हणाला. “पहिल्यापासून.”