नखाचे ठिपके

पडद्यावर आकडा उमटेपर्यंत कुणी खोकलंसुद्धा नाही. टायरच्या दुकानावरची भाड्याची खोली, साठ-सत्तर प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि समोरच्या भिंतीवर माझ्या वडिलांच्या पायाची जखम: माणसाएवढी मोठी, लालसर, बोलता बोलता उघडंच राहिलेल्या तोंडासारखी. मग आकडा आला. सहा हजार चारशे.

खोलीने श्वास सोडला आणि टाळ्या वाजवल्या.

"पहिल्या आठवड्यात किती होते?" बिंदुमहाराजांनी विचारलं. ठिपके मोजून गुण दाखवतात, म्हणून लोकांनीच दिलेलं हे नाव.

"नऊ हजार सहाशे!" सगळे एका सुरात.

"हे मी सांगतोय का? लेप माझा, पण मोजणी यंत्राची. यंत्राला सोयरे नसतात, मंडळी! ते कुणाचं मन राखत नाही."

यंत्रावर बसला होता महाराजांचा मेहुणा. फोटोही तोच काढी. जखमेभोवती त्याने रेघ ओढली की संगणक आतले ठिपके मोजून दाखवी. त्या मोजणीत खोट नव्हती. ठिपके घटले, म्हणजे जखम घटली, एवढ्या हिशेबावर अण्णांनी शस्त्रक्रियेची तारीख टाळली होती. डॉक्टर दोन बोटं काढायला सांगत होते. आणि अण्णा शिंपी, आयुष्यभर पायाने मशीन चालवलेले.

आणि मी? मी प्रयोगशाळेत धातूच्या तुकड्यांचे सूक्ष्मदर्शकातून काढलेले फोटो मोजते. रोज सकाळी रेघा कोरलेली काचपट्टी भिंगाखाली ठेवायची, एक ठिपका म्हणजे नेमकं किती ते ठरवायचं आणि मगच कामाला लागायचं. त्यावाचून मी कुठल्याही अहवालावर सही करत नाही. इथे मात्र पाच आठवडे टाळ्या वाजवत राहिले. मापपट्टीची आठवण आशेने मला होऊच दिली नाही.

त्या दिवशी फोटोच्या कडेला फरशीचे तीन सांधे दिसले. पहिल्या फोटोत एकही नव्हता.

मी उठले. "महाराज, दोन्ही फोटोंत अंगठ्याचं नख मोजा."

"नखाला काय झालंय, ताई?"

"काहीच नाही. म्हणूनच."

"मोजा की!" पुढच्या रांगेतले एक काका म्हणाले. "यंत्र काय दमतंय?"

मेहुण्याने महाराजांकडे पाहिलं, मग नाइलाजाने रेघ ओढली. पहिल्या फोटोतलं नख तीन हजार सहाशे ठिपक्यांचं. आजचं, सोळाशेचं.

"बघा, नखावरही कृपा झाली!" महाराज हसले. "लेप अंगभर भिनतो."

"मग चप्पल सैल व्हायला हवी. अण्णांना तर ती आता पायात चढतही नाही."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"कॅमेरा दर आठवड्याला थोडा मागे नेलाय," मी म्हणाले. "लांबून सगळंच लहान दिसतं. पहिल्या फोटोतल्या जखमेत जेमतेम पावणेतीन नखं मावली असती; आजच्या जखमेत चार मावतात. जखम आटली नाही. जवळजवळ दीडपट झालीय."

"श्रद्धा नसली की यंत्रही उलटं बोलतं," महाराज म्हणाले.

"आत्ताच तर ते कुणाचं मन राखत नव्हतं!" मी लोकांकडे वळले. "आकडा दाखवणाऱ्याला एवढंच विचारा: कशाच्या मानाने? फोटोत जखमेला लागून मापाची पट्टी ठेवा, दर वेळी तीच. जो ती ठेवू देत नाही, त्याच्या हाती आपलं शरीर देऊ नका."

मग मांडीवरच्या मुलीच्या गालावरचा पांढरा डाग पदराने झाकत एका बाईने मेहुण्याला विचारलं, "पण आज आमचा नंबर लागेल ना?" तिच्यामागे खुर्च्या सरकल्या. लेपाची रांग पुन्हा जुळली.

मी अण्णांपुढे गुडघ्यांवर बसले.

"माझी बोटं कापायची तुला एवढी घाई का गं?" ते म्हणाले.

"पाय वाचवायची घाई आहे, अण्णा. उद्या सकाळी दवाखान्यात येता ना माझ्याबरोबर?"

खुर्चीच्या पाठीला धरून ते उठले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. टाच टेकवत, एकेक पाऊल मोजल्यासारखं टाकत, ते रांगेच्या शेवटाकडे चालू लागले.