खात्याकडची भिंत

खात्याकडच्या भिंतीत नऊ खिळे होते. पाचांवर काही ना काही टांगलेलं: कॅलेंडर, आरसा, आबांचा सदरा, माझी छत्री आणि किल्लीचं घड्याळ ठेवायची लाकडी फळी. चार रिकामे. आणि जमिनीपासून पावणेतीन फुटांवर वीतभर रुंदीचा एक तेलकट काळा डाग. तिथे आबा, माझे वडील, पाठ टेकून बसत, तो त्यांच्या डोक्याचा डाग. या सगळ्यांत तो डागच तेवढा स्थिर होता. बाकीच्या वस्तू बारीक थरथरत असत, कारण भिंतीपलीकडे चोवीस लूम चालत.

"बेन, आ बधुं काढी नाखो," गुजराती सुतार ओरडून म्हणाला. मी खिळे उपटायला लागले.

गोडादऱ्यात, आमच्या वस्तीत, ओरडूनच बोलतात. भिंतीला भिंत लावून लूमचं खातं, म्हणजे कापडाचा कारखाना, तो बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतो. आठवड्याच्या सुटीलाच काय तो थांबतो. माझी कॉलेजातली मैत्रीण मृणाल, बँकेतल्या साहेबांची मुलगी, पहिल्यांदा घरी आली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी येऊन मला म्हणाली होती, "तुमच्याकडे काही भांडण चाललंय का? मी नंतर येऊ का?" तेव्हा माय घरातून तिच्या चहात साखर किती टाकू, एवढंच विचारत होती.

भिंत झाकायची कल्पना गजूदादाची. तो हजीऱ्याला एका कंपनीत फिटर आहे. तिथे कामावर जाताना कानात घालायला बोळे देतात, हे त्यानं पहिल्याच महिन्यात आम्हाला काढून दाखवलं होतं. घराची फरशी बदलली, ओटा झाला, रंग झाला, तरी त्याचं समाधान होईना.

"आबानी तीस वरीस हाऊ आवाज ऐका," तो मायला म्हणाला. "आते घरमा तरी त्येले आराम भेटाले पाहिजे."

मग भिंतीवर लाकडी चौकट ठोकली गेली, चौकटीत काचेची लोकर भरली, वर प्लायवूड आणि त्यावर बदामी सनमायका. गल्लीकडच्या खिडकीला जाड काच बसली. आबा ओसरीवर बसून बघत होते. शेवटचा स्क्रू पिळून झाला तेव्हा दादानं त्यांना आत बोलावलं. आबांनी सनमायकावरून हात फिरवला, मान डोलावली आणि म्हणाले, "चांगलं शे. गुळगुळीत शे."

त्या संध्याकाळी आम्हाला आमचं घर पहिल्यांदा ऐकू आलं. पंखा एका बाजूला घासत होता. मोरीतला नळ गळत होता. मायच्या बांगड्या वाजत होत्या आणि ती त्या हातानं धरून बघत होती. जयश्री वहिनी बारडोलीची. तिचे वडील साखर कारखान्यात होते आणि कॉलनी उसाच्या मळ्याला लागून. लग्न होऊन इथे आल्यापासून तिचा घसा बसलेला असायचा, तो आठवडाभरात सुटला. ती पुन्हा गुणगुणायला लागली. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं, पण आम्ही सगळे हळू बोलायला लागलो. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, पाठमोरं उभं राहून, काम करता करता. पूर्वी बोलायचं तर समोर जाऊन उभं राहावं लागे.

आबा मात्र बदलले.

"तीनदा विचारलं चहा घेता का," वहिनी एकदा रडवेली होऊन म्हणाली. "वळूनसुद्धा बघत नाहीत. माझं काही चुकलं का, माय?"

"तुनं काय चुकी? नवं घर त्येले मानवत नही," माय म्हणाली. "रुसना व्हई. जुना माणूस शे."

दादाला ते फार लागलं. त्यानं आबांसाठी दिवाण आणला होता. आबा त्यावर बसत नसत. ते नव्या भिंतीला पाठ टेकत, थोडा वेळ बसत, मग उठून ओसरीवर जात. दादा कामावरून आला की काहीतरी बोले. आबा त्याच्याकडे बघून हसत आणि काहीच उत्तर देत नसत. शेवटी दादानंही बोलणं सोडलं.

एका बुधवारी आबांनी दिवाणाखालची पत्र्याची ट्रंक काढली आणि त्यात सदरे ठेवायला सुरुवात केली. शिरपूरजवळ आमचं गाव आहे. तिथे त्यांचे धाकटे भाऊ, रघुनाथकाका, राहतात.

"कोठे चालनात?" माय त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"गावले. गजूले सांग, रविवारनी भुसावळ गाडीमा बसाडी दे."

"कसाले? आठे काय कमी शे?"

आबांनी सदऱ्याची घडी पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "तुम्ही समदा कुजबुज करतस," ते म्हणाले. "मी उनू का तोंड हालाडतस नि गप बसतस. माले काय समजत नही का? इतला जड व्हयनू व्हसू ते सांगी टाका."

माय भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "कोन कुजबुज करस? देवा, हाई काय बोलनं शे?" आबा खाली बघत सदरे ठेवत राहिले. ती रडते आहे हे त्यांनी पाहिलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी हा माणूस याच गाडीनं उलट्या दिशेला आला होता. आधी दोन लूम चालवले, मग चार, मग आठ. आम्हा दोघांची शिक्षणं त्यावर झाली. मागच्या वर्षी खात्यावर देखरेख करणाऱ्या मास्तरनं त्यांना घरी बसवलं. विचारलं तर "वय झालं" एवढंच सांगितलं. आता ते जाणार होते, आणि दादा म्हणत होता, "जाऊ दे. त्येले आठे करमत नही ते मी काय करू?"

शुक्रवारी खात्याला सुटी होती. गल्ली शांत होती. आबांचे जुने सोबती धुडकूमामा आले आणि दोघं ओसरीवर समोरासमोर बसले. मी काचेतून बघत होते. आबा हसत होते. मांडीवर थाप मारत होते. महिनाभरात मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. धुडकूमामा काय सांगतात ते ऐकावं म्हणून मी दार उघडलं.

काहीच ऐकू आलं नाही. मामांचे ओठ हलत होते, मोठमोठे, प्रत्येक शब्द तोंडात गोल करून. हाताची बोटं धागा तुटल्याची खूण करत होती. आवाज नव्हता. आणि आबा उत्तर देत होते, मोठ्यानं.

मी आबांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. मला खात्री करून घ्यायची होती. मी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आबा, साप शे तठे."

धुडकूमामांनी दोन्ही पाय वर घेतले. "कोठे? कोठे रे बापा?"

आबा मामांकडे बघून हसायला लागले. "काय व्हयनं रे, धुडकू? मुंगी चावनी का?"

ते मागे वळले नाहीत.

मामांनी हळूहळू पाय खाली सोडले. माझ्याकडे पाहिलं आणि आवाज काढून म्हणाले, "त्येले आयकू येत नही, पोरी. कितला तरी वरीस व्हयनात. खात्यामा समदा तोंडंच दखतस. तुम्हाले घरमा म्हाईत नही?"

आम्हाला माहीत नव्हतं. भिंत झाकेपर्यंत घरातही आम्ही सगळे खात्यासारखेच बोलत होतो: समोर जाऊन, तोंड मोठं उघडून, ओरडून.

रात्री जेवताना मी सांगितलं. दादाच्या हातातला घास तसाच राहिला. माय बराच वेळ आबांच्या कानाकडे बघत बसली. आबा खाली मान घालून जेवत होते. मग तिनं घसा खाकरला आणि पूर्वीसारखी ओरडली, "भाकर लेतस का?"

पूर्वी त्या आवाजाकडे कोणाचं लक्षही गेलं नसतं. आता तो बंद खोलीत भांडं आपटावं तसा आपटला. शेजारच्या पार्वतीमावशीनं दार ठोठावलं, "शोभाबाई, काय व्हयनं वं? कोन भांडस?" आबांनी मान वर केली. मायच्या मानेच्या शिरा ताणलेल्या, कपाळाला आठ्या, आणि वहिनी दचकून मागे सरकलेली. त्यांनी ताट थोडं पुढे सारलं.

"भाकरकरता इतली रागे कसाले भरस?" ते म्हणाले. "दोन दिनथून जाई राह्यनू ना मी."

वहिनीनं त्यांच्यासमोर बसून बघितलं. ओठ मोठे करून, हळूहळू, "आबा, नका जाऊ," असं म्हणाली. पण खोलीत शांतता असली की आपण ओठ किती हलवतो ते आपल्या हातात राहत नाही. आबांना कळलं नाही. "तू बी कुजबुज करस," ते म्हणाले. वहिनी उठून आत गेली.

शनिवारी सकाळी दादानं पेटीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि भिंतीसमोर उभा राहिला. पण हात चालेना. शेवटी वहिनीच म्हणाली, "काढा. माझा घसा काय, बसेल पुन्हा."

सनमायका दोन तुकड्यांत निघाली. लोकर काढताना दादाचे हात कोपरापर्यंत लाल झाले. मी खिडकीची काच सरकवली. आणि चोवीस लूम घरात आले. समोरच्या भिंतीवर हलवलेल्या फळीवरचं घड्याळ थरथरायला लागलं. डाग होता तिथेच होता.

आबा दारात येऊन बघत उभे राहिले. "मोडी टाकं?" त्यांनी विचारलं.

दादा त्यांच्यासमोर आला आणि ओरडला, "करमत नव्हतं, आबा! घर सुनं सुनं लागे!"

"मंग आधी सांगाना ना," आबा म्हणाले.

ते आत आले, डागाला डोकं टेकून बसले आणि दोन्ही तळवे भिंतीला लावून राहिले. माय हातात पीठ तसंच घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिच्या नकळत ओरडली, "मिरचीनी भाजी शे, चाली का?"

"चाली. पन मीठ दखीसन टाक. काल कमी व्हतं."

ती हसली की रडली ते आवाजात कळलं नाही. रविवारी भुसावळ गाडी गेली. ट्रंक पुन्हा दिवाणाखाली गेली. सनमायका पार्वतीमावशीनं कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकली.

पुढच्या शुक्रवारी, खातं बंद असताना, मृणाल आली होती. मी किल्लीचं घड्याळ घेतलं आणि दादाची मोजायची टेप. प्रत्येकाला डोळे मिटायला सांगितले, एक कान तळव्यानं बंद करायला सांगितला, आणि टिकटिक ऐकू यायची थांबेपर्यंत घड्याळ मागे मागे नेलं. दोन्ही कानांचं वेगळं मोजलं, आणि त्यातल्या बऱ्या कानाचं अंतर धरलं.

मृणाल, अकरा फूट. वहिनी, साडेनऊ. आबांना घड्याळ डाव्या कानाला टेकवलं तेव्हा कळलं, ते म्हणाले, "चालू शे." उजव्याला टेकवूनही नाही. माय लग्नानंतर सात वर्षं खात्यात कांड्यांवर सूत भरायला जायची. ती, दोन फूट. दादा, साडेपाच.

माझ्या वेळी टेप मृणालनं धरली. सहा फूट.