लाल डब्यातला पुठ्ठा

मित्रांनो, मी एक जुना ऑइल फिल्टर आहे. उंच पठारावरच्या एल आल्तो शहरातल्या एका गॅरेजात, मधोमध कापलेला, फळीवर पडून आहे. शेजारी एक लाल फिल्टर पडला आहे, तोही कापलेला. त्याचं तोंड पाहायची माझी इच्छा नाही, पण तुम्ही नीट पाहा.

माझ्या पोटात जाड कागदाच्या दाट घड्या आहेत. मधे भोकांची पोलादी नळी, वर-खाली पत्र्याच्या चकत्या. इंजिन थांबलं तरी तेल धरून ठेवणारी रबरी झडप आहे. कागद तुंबलाच, तर तेलाला दुसरी वाट देणारी स्प्रिंगही आहे. दिसायला मात्र मी मळकट राखाडी.

बासिलिया या विधवेची मिनीबस मी सांभाळली; आदराने तिला सगळे ‘दोन्या’ म्हणतात. त्या बसवरच तिची चूल पेटते. इथल्या थंडीत पहाटे तेल काकवीसारखं घट्ट होतं, तरी चावी फिरवताच इंजिन गुमान चालू होई. कौतुक व्हायचं ते बसच्या रंगाचं.

मग सरोवराकाठच्या कोपाकाबाना गावातल्या चर्चसमोर बसला आशीर्वाद द्यायचं ठरलं. अशा वेळी बसला धर्मपिता, म्हणजे समारंभाचा मानकरी लागतो; तो आणि मालकीण मग एकमेकांना कोंपाद्रे-कोमाद्रे म्हणतात. तो मान सेवेरोला मिळाला, आणि तो हारांबरोबर हा लाल दिवटा घेऊन आला.

"कोमाद्रे, चमक बघा याची. ते राखाडी डबडं फेका आता."

धर्मपित्याची भेट नाकारली तर आशीर्वाद बाटतो, असं आमच्याकडे मानतात. माझं निम्मं आयुष्य शिल्लक असताना मला काढलं. पाद्रींनी पाणी शिंपडलं, रिवाजाप्रमाणे हारांवर बिअर उडाली. डब्याच्या पोटात काय आहे, हे एकानेही विचारलं नाही.

दुसऱ्या पहाटेपासून इंजिन सुरू होताना खडखडू लागलं.

"दोन्या बासिलिया, हा लाल फिल्टर तेल धरत नाही. बदलू या," मेकॅनिक हिलारियो म्हणाला.

"आशीर्वादाची वस्तू काढू? कोंपाद्रे जन्मात माझं तोंड बघणार नाहीत."

"मग इंजिनाचं शेवटचं तोंड बघून घ्या."

आठवडाभरात चढावर इंजिन जाम झालं. हिलारियोने मला न फेकता ठेवलं होतं; त्याने आम्हा दोघांनाही करवत लावली. लालच्या घड्या विरळ, झडप कडक प्लास्टिकची, स्प्रिंगचा पत्ता नाही. चकत्या चक्क पुठ्ठ्याच्या! घट्ट तेलाच्या दाबाने पुठ्ठा फाटला, तुकडे तेलाच्या वाटेत अडकले आणि इंजिन कोरडं जळालं. माझं अजूनही रक्त खवळतं.

सेवेरो भेटायला आला. "दृष्ट लागली, कोमाद्रे. नव्या इंजिनाला मी पुन्हा..."

बासिलियाने ओला पुठ्ठा त्याच्या तळहातावर ठेवला. "दृष्ट नाही, कोंपाद्रे. हे लागलं. पुढच्या वेळी हार तुमचे. फिल्टर मी दोन आणीन, आणि एक आधी कापून बघेन."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. आज माझे प्रवासी दुसऱ्याच्या बसमध्ये बसलेत."

मित्रांनो, चमकदार डबा हातात आला की आधी त्याचं पोट पाहा. मला कापलं त्याचं वाईट वाटत नाही. पण इंजिन मेल्यावर कापलं, हे मी कुणालाही माफ करणार नाही.