वास आढळला नाही

गॅस कंपनीत बत्तीस वर्षं फिटर म्हणून काम केलेल्या त्या माणसाला सगळे 'नाक' म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. एखाद्या इमारतीत गळती असल्याचा फोन आला की बाकीचे लोक यंत्र काढून त्याची बॅटरी तपासत बसायचे. हा जिन्यातूनच सांगायचा, दुसरा मजला, डावीकडचं स्वयंपाकघर. आणि तसंच निघायचं.

निवृत्त झाल्यावर त्याने शिडाची एक जुनी बोट घेतली. अठ्ठावीस फुटी, वयाने त्याच्या लेकीपेक्षा मोठी. बायकोची काही हरकत नव्हती, उलट तिने हौसेने गाद्यांना नवे अभ्रे शिवले. पण पहिल्याच दिवशी अभ्रे काखेत धरून ती केबिनच्या तीन पायऱ्या उतरली आणि उतरली तशीच वर आली.

"अहो, संडासाचा वास मारतोय."

"कुठे?"

"कुठे काय? सगळीकडे!"

तो खाली गेला, डोळे मिटून दोनदा खोल श्वास घेतला. "काही नाहीये. तुझ्या मनात बसलंय. जुनी बोट म्हटलं की तू आधीच नाक मुरडणार."

"मला येतोय वास."

"आणि मला येत नाहीये. आता आपल्या दोघांत कुणाच्या नाकाचं ऐकायचं, तूच सांग."

दोन उन्हाळे असेच गेले. वारा चांगला असला की ती वर डेकवर त्याच्याशेजारी बसायची, पण खाली पाय ठेवायची नाही. त्यामुळे दोन तासांत परत फिरावं लागायचं. आठ-आठ दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, बोटीतच झोपायचं, हा त्याचा बेत नकाशातच राहिला. तो बोटीत काही ठोकाठोक करत असला की ती धक्क्यावर घडीच्या खुर्चीत चहाचा थर्मास घेऊन बसायची. तिसऱ्या वर्षी तिने स्पष्टच सांगितलं, "हे बघा, तुम्ही एकटे जा. माझा राग नाही. पण त्या वासात मी एक रात्रसुद्धा काढणार नाही."

तेव्हा तो हट्टाला पेटला. "ठीक आहे. तुझ्या समाधानासाठी सगळं नवं टाकतो. टाकी सोडून एकूण एक नळी. मग तर येशील?"

"मग येईन," ती म्हणाली.

अशा बोटीत संडासाची घाण सरळ पाण्यात सोडत नाहीत. ती बिछान्याखालच्या एका टाकीत साठते आणि भरली की धक्क्यावरच्या पंपाने ओढून घ्यायची. संडासापासून टाकीपर्यंत एक नळी, टाकीपासून वर डेकपर्यंत दुसरी, टाकीला हवा मिळावी म्हणून तिसरी बारीक नळी, आणि मध्ये एक तिहेरी झडप. ऐकायला सोपं आहे. पण बोट बांधणाऱ्याने आधी नळ्या टाकल्या होत्या आणि मग त्यांच्यावर बोट बांधली होती. त्याला एका कुशीवर आडवं होऊन, एक हात कपाटात आणि डोकं टाकीला टेकवून काम करावं लागायचं. नळ्या आवळणाऱ्या क्लॅम्पचे स्क्रू गंजून एकजीव झालेले. पहिली नळी करवतीने कापली तेव्हा आत दगडासारखा पांढरा थर निघाला. मनगटाएवढ्या नळीत करंगळी जाण्यापुरतंच भोक उरलं होतं. मागे राहिलेलं तपकिरी पाणी त्याच्या बाहीवर आणि गळ्यावर सांडलं.

शेजारच्या बोटीवर फेरीबोट चालवून निवृत्त झालेला एक म्हातारा राहायचा. त्याला सगळे कप्तान म्हणत. तो रुमालाने नाक दाबून दारातून डोकावला.

"अहो, मास्क तरी लावा! माझ्या बोटीपर्यंत दरवळ आलाय."

"मला नाही काही होत," फिटर आतून म्हणाला.

"धन्य आहे तुमची. मी असतो तर एव्हाना ओकलो असतो."

फिटरला ते कौतुक वाटलं. मुरलेला माणूस आहोत, असल्या गोष्टींनी आपण डगमगत नाही, असं त्याच्या मनात आलं. नऊ दिवस तो राबला. नवी पांढरी नळी गरम पाण्यात बुडवून मऊ करायची, तोंडाला साबण लावायचा आणि अंगाचा जोर लावून बसवायची. प्रत्येक सांध्याला दोन-दोन क्लॅम्प, तेही एकमेकांच्या उलट दिशेला. हातांची सालं निघाली. दहाव्या दिवशी त्याने फरशी पुसली, गाद्या लावल्या आणि बायकोला फोन केला.

ती आली. नवी चादर घेऊन आली होती, म्हणजे तिच्या मनात होतं. पहिली पायरी, दुसरी, आणि तिसरीवर ती थांबली. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला कळलं.

"नाही म्हणू नकोस," तो म्हणाला.

"अहो, मी काय करू? आहे वास. कमी झालाय, पण आहे."

"शक्यच नाही! एक जुनी नळी नाही ठेवली मी! तुला यायचंच नाहीये, तर तसं सांग ना सरळ!"

त्याचा आवाज धक्क्यावर ऐकू गेला असावा. कप्तान आला. "वाद कशाला?" तो म्हणाला. "फडकं लावून बघू." गरम पाण्यात पिळलेलं फडकं नळीवर दाबून धरायचं आणि मग फडक्याचा वास घ्यायचा. आत काही मुरलं असलं तर फडक्यात उतरतं. कप्तानाने नव्या नळ्यांवर एकेक फडकं दाबलं, हुंगलं आणि मान हलवली. नळ्या स्वच्छ होत्या. मग त्याने टाकीच्या खालच्या फटीत हात घालून फडकं फिरवलं, बाहेर काढलं आणि तोंड वळवून खोकला.

"सापडलं. टाकी खालून चिरलीय. सगळं लाकडात मुरलंय. घ्या, बघा."

फिटरने फडकं नाकाशी धरलं. ओलं होतं, कोमट होतं.

"काय आहे यात?" त्याने विचारलं.

कप्तान हसला, त्याला थट्टा वाटली. बायको हसली नाही. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने फरशी पुसायच्या फिनेलची बाटली उचलली, बूच काढलं आणि म्हणाली, "डोळे मिटा."

त्याने मिटले.

"काय धरलंय मी?"

"अजून काही धरलं नाहीयेस."

थोडी वाट बघून त्याने डोळे उघडले. बाटली त्याच्या ओठांना जवळजवळ टेकली होती.

कप्तान काहीतरी पुटपुटत निघून गेला. बायको बिछान्याच्या कडेवर टेकली. "कधीपासून?" तिने विचारलं.

"मला काय माहीत? सर्दी असेल."

"सर्दी नाही. दूध करपलं होतं, आठवतंय? तुम्ही तिथेच टेबलाशी पेपर वाचत होतात, पातेलं काळं पडलं तरी उठला नाहीत. मी केवढी चिडले होते. म्हटलं, या माणसाला घरात काय चाललंय याची शुद्ध नाही."

"कधीची गोष्ट ही?"

"लेकीच्या बाळंतपणाहून मी परत आले त्याच आठवड्यातली. मी नव्हते तेव्हा तुम्हाला ताप येऊन गेला होता ना? पंधरा दिवस पडून होतात."

तिला वाटलं, तो नातवाचं वय मोजतोय. तो महिने मोजत होता. लेकीचं बाळंतपण ऑक्टोबरात. तो निवृत्त झाला पुढच्या मे महिन्यात. मधला फेब्रुवारी.

"काय झालं?" ती म्हणाली. "अहो, पांढरेफटक पडलात तुम्ही."

फेब्रुवारीत एका म्हातारीने कंपनीत तीन वेळा फोन केला होता. स्वयंपाकघरात वास येतो म्हणून. तिसऱ्या वेळी साहेबांनी त्याला पाठवलं. म्हणाले, तू जाऊन ये, तू सांगितलंस की तिचं समाधान होईल. तो गेला. शेगडीमागे, ओट्याखाली, मीटरपाशी नाक नेऊन पाहिलं. यंत्र खाली गाडीत होतं, ते आणायला तीन मजले उतरावे लागले असते. "आजी, काही नाही हो," तो म्हणाला होता. "वयाप्रमाणे भास होतात." म्हातारी ओशाळून हसली होती. त्याने कागदावर लिहिलं, 'वास आढळला नाही', आणि सही केली. सात दिवसांनी त्या स्वयंपाकघराची भिंत रस्त्यावर येऊन पडली. म्हातारी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वारली. चौकशी झाली. भिंतीतला पाइप शेजारच्या खोदकामामुळे फुटला असणार, असं ठरलं. कधी फुटला? तर त्या सात दिवसांत, कारण त्याआधी 'नाक' स्वतः तपासून गेला होता. त्याच्या कागदावर कुणी शंका घेतली नाही. त्यानेही घेतली नाही. वाईट वाटलं होतं, पण आपली चूक नाही म्हणून तो झोपू शकला होता.

हे सगळं त्याने बायकोला तिथेच, चिरलेल्या टाकीशेजारी बसून सांगितलं. तिने फिनेलच्या बाटलीला बूच लावलं. मग म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं."

"यंत्र गाडीत होतं," तो म्हणाला.

नाकाच्या डॉक्टरांनी दोन आठवड्यांनी सांगितलं की त्या तापातच गेलं असणार, तीन वर्षांनी परत यायची आशा धरू नका. डॉक्टर म्हणाले, लोकांच्या लक्षात येत नाही, जीभ सवयीने चव लावत राहते. त्याला त्यात रस नव्हता. त्याला फक्त तारीख हवी होती, आणि ती मिळाली होती.

बायको नको नको म्हणत असताना तो त्या घरी गेला. घराची नवी भिंत शेजारच्या भिंतींपेक्षा उजळ होती. म्हातारीच्या सुनेने दार उघडलं. पन्नाशीची बाई, हाताला पीठ लागलेलं. त्याने ओळख सांगितली तेव्हा तिने त्याला आत घेतलं, पाणी दिलं. तो उभ्यानेच बोलला. घरून घोकून आलेली वाक्यं एका दमात म्हणून टाकली. नाक गेलं होतं, कळलं नव्हतं, यंत्र वर नेलं नाही.

सून हात पुसत राहिली. हात कधीच कोरडे झाले होते.

"म्हणजे तेव्हा वास येतच होता," ती म्हणाली.

"असणार."

"तुम्ही येऊन गेल्यावरही त्या म्हणायच्या, वास येतोय. रोज म्हणायच्या. खिडक्या उघड्या टाकायच्या, एवढ्या थंडीत. मी चिडायचे. म्हटलं, कंपनीचा एवढा जाणता माणूस सांगून गेला, तरी तुमचं आपलं तेच. शेवटचे चार दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही." ती खुर्चीत बसली. "त्या दिवशी सकाळी मी कामावर निघताना सगळ्या खिडक्या लावून गेले. मुद्दाम."

"माझी चूक आहे," तो म्हणाला. "तुमची नाही."

"चौकशीवाल्यांनी सांगितलं होतं, पाइप मागाहून फुटला. नक्की कधी, ते कुणालाच सांगता यायचं नाही. मी ते धरून होते. म्हणजे मी खिडक्या लावल्या तेव्हा कदाचित काहीच नसेल. असं म्हणून मी तीन वर्षं..." तिने वर बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तुम्ही का आलात?"

"तुम्हाला कळायला हवं म्हणून."

"मला नव्हतं कळायला हवं."

ती उठली आणि दार उघडून उभी राहिली. तो बाहेर पडल्यावर तिने दार हळू लावून घेतलं.

तिथून तो घरी न जाता धक्क्यावर गेला. दुपारचे तीन वाजले होते. त्याने टाकीचे पट्टे सोडले, स्वतः नऊ दिवस खपून बसवलेल्या नळ्या एकेक करून उपटल्या आणि टाकी ओढून बाजूला घेतली. खालची फळी काळी पडली होती. त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. दुसरीकडे टोचला, तिथेही तेच. आडवी तुळईही भुसभुशीत झाली होती. वर्षानुवर्षं थेंब थेंब झिरपत राहिलं होतं आणि वरून सगळं धडधाकट दिसत होतं.

बायको त्याला शोधत धक्क्यावर आली तेव्हा तो पायरीवर बसला होता.

"गेला होतात?"

"हो."

"काय म्हणाली?"

त्याने सांगितलं. ऐकताना ती बोटीच्या कठड्याला धरून उभी होती. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "माफी मागायला परत जाऊ नका आता. तेवढं तरी करा तिच्यासाठी."

"नाही जाणार."

कप्तान म्हणाला होता की तळ कापून नवा घातला तर बोट अजून वीस वर्षं चालेल, पण फिटरने ती मोडीत काढायचं ठरवलं. कप्तानानेच त्या महिन्याच्या अखेरीला नव्या नळ्या नेल्या, झडप नेली, गाद्याही नेल्या. मग क्रेन आली. बोट पट्ट्यांत लटकत वर निघाली, तिच्या पोटातून पाणी गळत राहिलं. फिटर बघायला थांबला नाही. भंगारवाल्याच्या कागदावर सही करायला त्याने पेन घेतलं, आणि कागदावर काय लिहिलंय ते तीनदा वाचलं. भंगारवाला म्हणाला, "साहेब, नेहमीचाच कागद आहे, करा सही." तरी तो वाचतच राहिला. शेवटी बायकोने त्याच्या हातातून पेन घेतलं आणि त्याच्या नावापुढे स्वतःची सही केली.