नव्या तबकड्यांचा खोका

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खोका आहे. दिसायला अगदी साधा. पुढची फळी बुटकी, मागची उंच, आणि आतून हिरव्या बनातीचं अस्तर. माझ्यात रेकॉर्ड उभ्या राहतात, म्हणजे गाण्यांच्या त्या मोठ्या काळ्या तबकड्या. गाणीही कसली, तर रॉक आणि मेटल. ज्यात गिटारी किंचाळतात, ड्रम धडाडतात आणि गाणारा घसा फोडून गातो ते संगीत. शेजारीपाजारी ज्याला नुसता गोंगाट म्हणतात, ते.

जन्माने मी यंत्राच्या सुट्या भागांची पेटी. एका कारखान्यात आलो, रिकामा झालो आणि भंगाराच्या ढिगावर जाऊन पडलो. तिथे लेथवर लोखंड कातणारा एक टर्नर होता. दुपारच्या सुट्टीत त्याने मला उलटंपालटं करून पाहिलं, फोरमनला विचारलं आणि सायकलच्या मागे बांधून घरी आणलं. चार दिवस मला रंधा मारला, फळ्या नव्याने जुळवल्या. त्याची बायको घरी शिवणकाम करायची. तिने उरलेल्या बनातीचं अस्तर लावलं. सात वर्षांच्या मुलीने पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला आणि जीभ दातांत धरून माझ्या छातीवर लिहिलं, ‘नवीन’. त्या मुलीला घरात सगळे ठोकी म्हणत, कारण हातात जे येईल त्याने ती समोर असेल ते ठोकत सुटायची. टर्नरला घरात बाबा म्हणत, शिवणाऱ्या बाईला आई. मीही तेच म्हणायला लागलो. मनात, अर्थात.

मला ‘नवीन’ का म्हणायचं, तर बाबांचा एक नियम होता. भिंतीला लागून मोठं कपाट होतं, त्यात सगळा जुना संग्रह. पण नवी आलेली रेकॉर्ड थेट कपाटात जायची नाही. आधी माझ्यात. मग येत्या रविवारी बाबा आणि ठोकी खुर्च्या ओढून बसायचे आणि ती दोन्ही बाजूंनी, मध्ये न उठता ऐकायचे. ऐकून झाली की वहीत नाव लिहायचं, दहापैकी गुण द्यायचे, आणि मगच तिला कपाटात जागा मिळायची.

गुणांवरून दर रविवारी भांडण. बाबांना जुनं रॉक आवडायचं, ठोकीला जितकं जड तितकं बरं.

“याला तू नऊ दिलेस? अगं, एक शब्द तरी कळला का तुला?”

“तुझ्या गिटारवाल्याला तरी कुठे शब्द आहेत, बाबा?”

“त्याची गिटार बोलते!”

“मग याचा घसा वाजतो.”

शिवणयंत्रावरून आई ओरडायची, “तो गातोय की ओकतोय ते आधी ठरवा! आणि अहो, दिवसभर धातू कापून तुमचं पोट भरत नाही, म्हणून घरी येऊनही मेटल का?” मग तिघंही हसायची. मी स्पीकरच्या अगदी खाली असायचो. ते हसू आणि तो दणका दोन्ही माझ्या फळ्यांत उतरायचे. ती माझी भरभराटीची वर्षं होती. माझ्यात एका वेळी दोन नाहीतर तीन तबकड्या असायच्या, त्याही आठवडाभराच्या पाहुण्या.

ठोकी मोठी झाली. ठोकणं सुटलं नाही, उलट तिने त्यालाच आपलं काम केलं. दुसऱ्या शहरात चार जणांच्या एका बँडमध्ये ती ड्रम वाजवू लागली. निघताना आईने डोळे पुसले. बाबांनी मात्र सगळ्या कारखान्याला सांगितलं, “आमची पोरगी मेटल वाजवते.” तिच्याशिवायही त्यांनी रविवारचा नियम पाळला. वहीत गुण लिहायचे आणि संध्याकाळी तिला फोन करून वाद घालायचे.

आता जे सांगणार आहे, ते सगळ्यात आधी मला कळलं होतं. म्हणूनच ते माझ्या मनाला जास्त लागून राहिलं आहे.

अ‍ॅम्प्लिफायरवरचं आवाजाचं बटण दर वर्षी थोडं पुढे सरकत होतं. माझ्या फळ्यांना ते कळायचं. पूर्वी त्या नुसत्या गुणगुणायच्या, मग थरथरायला लागल्या. पुढे खिळे वाजायला लागले. आई म्हणायची, “अहो, कमी करा जरा!” बाबा मान वळवायचे नाहीत. तिला वाटायचं, मुद्दाम करतात.

कारखान्यात कानात घालायला बोळे मिळत. बाबांनी ते तीस वर्षं खिशात ठेवले. एकदा फोरमन घरी आला होता, तेव्हा त्याला ते सांगत होते, “बोळे घातले तर कापण्याचा आवाज कसा कळणार? टूल बोथट झालं की आधी कानाला कळतं, मग डोळ्याला.” फोरमनने मान डोलावली. मोठा कसबी कारागीर, असं तो म्हणाला. बाबा खूश झाले.

मग ठोकीच्या बँडचा पहिला मोठा कार्यक्रम झाला. बाबा आणि आई तिच्या शहरात गेले. परत आले ते एकमेकांपासून तोंडं फिरवून. आई आत निघून गेली. बाबा माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले आणि दोन्ही तळहात कानांवर दाबून कितीतरी वेळ तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी आई फोनवर बोलत होती, त्यातून मला कळलं की तिसऱ्याच गाण्याला बाबा उठून बाहेर गेले होते. ठोकीने ड्रमच्या मागून ते पाहिलं होतं.

“तुला नाही आवडलं तर तसं सांग ना,” असं ठोकी नंतर फोनवर बाबांना म्हणाली. फोनचा आवाज पूर्ण वाढवलेला असायचा, त्यामुळे खोलीभर ऐकू आलं.

“नाही गं, चांगलं होतं. बाहेर जरा हवा घ्यायला गेलो.”

“पाऊण तास?”

बाबांनी फोन आईच्या हातात दिला. कान असे दुखत होते की डोळ्यांपुढे अंधारी आली, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण ज्या माणसाने मुलीला दणका ऐकायला शिकवलं, त्याने दणका सोसत नाही म्हणून सांगायचं कसं? तो अभिमान होता, की लाज, की भीती, मला नीट सांगता येणार नाही. तिन्ही असावीत.

त्यानंतर काही महिन्यांनी पोस्टमन एक चौकोनी पुडकं देऊन गेला. ठोकीच्या बँडची पहिली रेकॉर्ड होती. करड्या रंगाचं वेष्टन, त्यावर चौघांचे चेहरे, आणि आत तिच्या हातची चिठ्ठी: ‘वहीत गुण खरे दे.’ बाबांनी ती चिठ्ठी तीनदा वाचली. रविवारची वाट न पाहता रेकॉर्ड लावली. त्यांचा चेहरा मला दिसत होता. आधी उत्सुक होता, मग गोंधळला, मग विझत गेला. गोधडीच्या आतून ऐकावं तसं त्यांना नुसतं धप्‌ धप्‌ ऐकू येत असावं. चौथ्या मिनिटाला त्यांनी रेकॉर्डवरची सुई उचलली.

“सुई खराब झालीये,” ते स्वतःशीच म्हणाले. नवी सुई आणली. मग तारा बदलल्या. मग स्पीकर बदलले. प्रत्येक वेळी तेच. शेवटी म्हणाले, “हल्लीची रेकॉर्डिंगच भिकार. निवांत ऐकू कधीतरी,” आणि मुलीची तबकडी माझ्यात ठेवून दिली.

पुढच्या महिन्यांत बाबांनी जितक्या रेकॉर्ड आणल्या तितक्या कधीच आणल्या नव्हत्या. आईला वाटलं, हा नवा नादच लागला. मला खरं कारण माहीत होतं. एखादी तरी पूर्वीसारखी ऐकू येईल, म्हणून ते शोधत होते. दोन मिनिटं लावायची, उचलायची, माझ्यात ठेवायची. पुढे पुढे तर वेष्टनही उघडेनात. माझ्यात बोट शिरायला जागा उरली नाही. वही त्या कार्यक्रमाच्या आधीच्या रविवारवरच थांबली. मी उत्तम भरलेला दिसत होतो, मित्रांनो. येणारे-जाणारे म्हणत, “वा, केवढ्या नव्या रेकॉर्ड!”

ठोकीचा फोन यायचा. “ऐकलीस का?”

“ऐकली की! फार छान.”

“खरंच? दोन्ही बाजू?”

“दोन्ही बाजू. मध्ये न उठता.”

“आणि शेवटचं गाणं? ते कसं वाटलं?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या करड्या वेष्टनाची कड वर दिसत होती. “मस्तच! काय ड्रम वाजवलेस! खिडक्या हलल्या आमच्या.”

मग ठोकी अगदी हळू म्हणाली, “बाबा, त्या गाण्यात ड्रम नाहीच आहे.”

“काय? मोठ्याने बोल जरा.”

तिने फोन ठेवून दिला. तो आठ महिने वाजला नाही. आईशी ती बोलायची, आईच्या फोनवर. बाबांची चौकशी करायची नाही.

मला त्या वेळी पहिल्यांदा वाटलं की आपल्याला तोंड असतं तर बरं झालं असतं. पण मी खोका. फार तर माझे खिळे वाजणार.

एका रविवारी दुपारी बाबांनी एक जुनी, पाठ असलेली रेकॉर्ड लावली आणि डोळे मिटून बसले. उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांडीवर ताल धरत होती. बाजू संपली. सुई शेवटच्या रेघेत जाऊन खर्र खर्र करत फिरत राहिली. बाबांची बोटं थांबली नाहीत. ते मनातलंच गाणं ऐकत होते आणि त्यांना वाटत होतं की ते खोलीत वाजतंय.

आई दारात येऊन उभी होती. तिच्या हातात कुणाचातरी अर्धा उसवलेला कोट होता. तिने हाक मारली, “अहो.” मग पुन्हा, मोठ्याने. मग ती पुढे आली, तिने सुई उचलली, आणि बाबांचा ताल तसाच चालू राहिलेला पाहिला. तिचा चेहरा कसा झाला, ते मी विसरणार नाही. इतकी वर्षं ज्याला ती दुर्लक्ष समजत होती, त्याचा अर्थ तिला त्या क्षणी कळला. ती खाली बसली आणि तिने त्यांच्या बोटांवर हात ठेवला.

बाबांनी डोळे उघडले.

“अहो,” ती त्यांच्या डोळ्यांसमोर तोंड आणून म्हणाली, “गाणं कधीच संपलंय.”

बाबा हमसून हमसून रडले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. घरी आल्यावर आई ते फोनवर ठोकीला सांगत होती. “बारीक, उंच आवाज गेलेत म्हणाल्या. ते परत यायचे नाहीत. आणि असे कान मोठ्या आवाजाने दुखतातही, म्हणाल्या. तीन-चार वर्षांपूर्वी आला असतात तर उरलेलं जपता आलं असतं, म्हणाल्या… नाही गं बाळा. ते रागावलेले नव्हते. कधीच नव्हते. त्यांना ऐकूच येत नव्हतं.”

ठोकी चौथ्या दिवशी आली. पिशवी दारातच टाकून थेट खोलीत आली. बाबांच्या कानात आता छोटं यंत्र होतं. ते उभे राहिले.

“तू उठून गेलास त्या दिवशी,” ती म्हणाली. “मी उरलेली सगळी गाणी चुकत वाजवली.”

“कान दुखत होते गं.”

“मग सांगायचं ना रे! मी काय हसले असते?”

“मलाच खरं वाटत नव्हतं. म्हटलं, सुई खराब असेल.”

ती रडता रडता हसली. मग तिने माझ्या गर्दीतून ती करडी तबकडी ओढून काढली, दुसरी बाजू लावली आणि सुई शेवटच्या गाण्यावर ठेवली. तिथे फक्त एक गिटार होती आणि ठोकीचा स्वतःचा बारीक आवाज. ती आयुष्यात पहिल्यांदा गायली होती. बाबांनी स्पीकरच्या कापडावर बोटं टेकवली, मान कलती केली, यंत्राची कळ फिरवून पाहिली. मग मान हलवली.

“तू गातेयस, एवढं कळतंय. काय गातेयस ते नाही कळत.”

तेव्हा ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि एकेक ओळ सावकाश, साधी बोलून सांगू लागली. कामावरून आलेला एक माणूस दाराशी थांबून शर्टाच्या बाह्या झटकतो. लोखंडाचा कीस फरशीवर पडतो, उन्हात चमकतो. एक मुलगी तो वेचायला धावते आणि तो म्हणतो, हात कापेल, थांब. गाणं तेवढंच होतं. ते बाबांसाठी केलं होतं, त्यांनी ऐकावं म्हणून. पोस्टमनने पुडकं आणलं तेव्हा कानाला यंत्र लावलं असतं, तरी त्यातलं थोडं पोचलं असतं की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

“किती गुण?” तिने विचारलं.

बाबांनी वही उघडली. पेन हातात धरून बसले. “न ऐकता कसे देऊ?” म्हणाले. “तू खरे दे म्हणाली होतीस.” त्यांनी नाव लिहिलं आणि गुणांची जागा कोरी सोडली. मग ती तबकडी मोठ्या कपाटात ठेवली.

मित्रांनो, माझ्यात अजून एकोणीस रेकॉर्ड आहेत, बहुतेक न उघडलेल्या. नवी भर आता पडत नाही. ठोकी महिन्या-दोन महिन्यांनी येते, त्यातली एक उघडते, आणि काय वाजतंय ते बाबांना सांगत बसते. बाबा लक्ष देऊन ऐकतात, मध्येच विचारतात, “आणि गिटार? गिटार काय म्हणतेय?” ती सांगते. पण सांगितलेली गिटार आणि ऐकलेली गिटार यांत किती अंतर असतं, ते बाबांच्या चेहऱ्यावर दिसतं.

मला फारसं शहाणपण नाही. एवढंच मागतो. तुमच्या घरात कुणी प्रेमाने काही आणून दिलं असेल, तर ते निवांत वेळेसाठी ठेवून देऊ नका. आपल्या कानांना जपा, यंत्रापाशी काम करणाऱ्या तुमच्या माणसांनाही जपायला सांगा. आणि कुणी उत्तर दिलं नाही, मध्येच उठून गेलं, तर रुसण्याआधी एकदा जवळ जाऊन विचारा, काही दुखतंय का? मी सगळं पाहत होतो आणि मला विचारता आलं नाही. तुम्हाला विचारता येतं.