टेपचं दुसरं टोक

“तहान लागली की पाणी प्यावं, एवढंही आता सांगायला लागतं,” दादा पुटपुटले. समोर खुंटी होती म्हणून ते खुंटीला बोलले. ऐकायचं मात्र मी.

दादा म्हणजे माझे मोठे दीर, उदयसिंहराव. धाकट्या भावाच्या बायकोशी सरळ बोलायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. पणजोबा बडोदे संस्थानाच्या फौजेत होते. फौज गेली, जमीन गेली, रीत तेवढी राहिली. सत्तावीस वर्षं दादा माझ्याशी कपाटामार्फत, तुळशीमार्फत, क्वचित मांजरामार्फत बोलत आले. मीही उलट काही विचारत नसे. मधे एक दुभाषा होता, माझा नवरा प्रतापसिंहराव.

पाच महिन्यांपूर्वी सकाळचा चहा पिता पिता हे खुर्चीतच कलंडले. तेव्हापासून घरात दादांपुढे तो शब्द कुणी काढला नाही. ‘ते झालं त्याच्यानंतर’ असं म्हणायचे सगळे. दादा तेवढंही म्हणत नसत. ‘प्रताप नाहीये तोवर’ म्हणायचे, आणि महिना भरला की ह्यांच्या मोबाइलचा रिचार्ज करून यायचे. जाऊबाई माझ्याकडे बघायच्या, मी पोळपाटाकडे.

दोघा भावांचं काम आखणीचं. लाकडी बांधकामाचे खांब जमिनीवर नेमके कुठे उभे राहायचे, ते खुंट्या ठोकून, दोरी ताणून ठरवायचं. टेपचं एक टोक हे धरत, दुसरं दादा वाचत. अडतीस वर्षं. आता हरणीत एका सोसायटीच्या बागेत चार खांबांचा मंडप करायचा होता. तुळया डभोईच्या कारखान्यातून नकाशाच्या मापाने कापून येणार होत्या. टोक धरायला परका माणूस नको, असं दादांनी घरच्या घड्याळाला सांगितलं, म्हणून मी गेले. शाळा माझी सातवीपर्यंतच. पण ह्यांच्या नकाशांच्या सुरळ्या उलगडून उलगडून मला मिलिमीटर कळायला लागले होते.

साइटवरची इंजिनियर योगिनी सुभानपुऱ्याची, आपल्यातलीच. तिच्या पिशवीत लेझरचं यंत्र होतं. दादांच्या समोर ते बाहेर काढायचा तिला संकोच वाटे. मला मात्र तिने बाजूला घेऊन सांगितलं होतं की हे काम बरोबर उतरलं तर पुढचे तीन मंडपही काकांचेच, नाहीतर काम देणारे शेठ यंत्रावरच काम करून घेणार. आणि दादांनी अख्ख्या बडोद्याला सांगून ठेवलं होतं, ज्या दिवशी माप चुकेल त्या दिवशी हत्यारं खाली.

“धरलं?” ते हवेला विचारायचे.

“धरलं,” मी हवेला सांगायची.

लांब बाजू झाली, आखूड बाजू झाली. मग कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपं माप, दोन्हीकडून. काटकोनाची खात्री त्याने होते. दोन्ही कर्ण तंतोतंत सारखे आले, सूतभरही कमीजास्त नाही. दादा एवढे खूश झाले की खुंटीवर थाप मारून म्हणाले, “प्रतापला सांगायला पाहिजे.” मी वाकून दोरी गुंडाळायला लागले. ती गुंडाळलेलीच होती.

खुणांवर काँक्रीट पडलं, त्यात बोल्ट बसले, बोल्टवर खांब उभे राहिले. पंधरवड्याने डभोईहून तुळया आल्या. पहिली तुळई साखळीने वर चढवली, एक टोक खांबात बसलं. दुसरं टोक खांबापर्यंत पोचलंच नाही. मधे हात जाईल एवढी फट.

मजूर आपापल्या चपला बघू लागले.

“कारखान्याने आखूड कापली असेल, काका,” योगिनी म्हणाली. “वांधो नाही, बदलून मागवू ने.” ट्रकमधून उतरताना तिनेच ती तुळई मोजली होती. नकाशात होती तेवढीच, बरोबर सहा मीटर भरली होती, मी शेजारीच होते.

मग मी खुंटीशिवायच, सगळ्यांच्या देखत बोलले. म्हटलं, माझंच टोक हललं असणार, मला सवय कुठे आहे. सगळ्यांना बरं वाटलं. बाईमाणूस, उन्हात हात हलतोच. तेवढ्यावर निभावलं असतं.

दादांनी खांब ते खांब मोजलं. आखूड बाजूही मोजली. मग टेपचं लोखंडी टोक डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिले. शेवटी वळले ते माझ्याकडे. खुंटीकडे नाही, खांबाकडे नाही.

“कौमुदी, टोक कुठल्या आकड्यावर धरलं होतंस?”

माझं नाव त्यांना येतं हे मला तेव्हा कळलं.

“शून्यावर,” मी म्हणाले. दुसरं कुठे धरतात?

दादा रेतीच्या ढिगावर बसले आणि मलाच समजावून सांगायला लागले, हळूहळू. टेपचं टोक वापरून वापरून ढिलं होतं, त्याचा भरवसा नाही. म्हणून ह्यांचा हात नेहमी दहा सेंटीमीटरच्या रेषेवर असायचा, आणि दादा दहा वाढवून खूण करायचे. अडतीस वर्षांत एकदाही त्यांना हे सांगावं लागलं नव्हतं. ह्या वेळीही दादांनी दहा वाढवलेच. दोन्ही बाजूंना. चौकोन काटकोनात होता, फक्त दहा सेंटीमीटरने मोठा. कर्ण सारखेच येणार.

“गैरसमज झाला, काका,” योगिनी घाईने म्हणाली. “शेठना मी सांगते, तुमची काही चूक नाही.”

“मी विचारायला हवं होतं,” मी म्हणाले.

“नाही. तू बरोबर धरलंस.” त्यांनी टेप माझ्या हातात दिली आणि माझ्या तोंडाकडे बघत, मापाचा आकडा सांगावा तशा आवाजात म्हणाले, “दहावर धरणारा मेला. प्रताप मेला, कौमुदी.”